पडदा नसलेल्या सर्व्हरवरची यंत्रं

लिनक्सच्या सर्व्हरवर पहिल्यांदा व्हर्च्युअल मशीन उभं करणाऱ्याला एक प्रश्न हमखास पडतो: मशीन चालू तर केलं, पण ते दिसायचं कुठे? सर्व्हर रॅकमध्ये आहे. त्याला मॉनिटर नाही, माउस नाही, त्यावर ग्नोम किंवा केडीई बसवलेलं नाही. आपल्या हाती आहे ती एसएसएचने उघडलेली काळी खिडकी. मग साहजिकच वाटतं, की आधी सर्व्हरवर डेस्कटॉप बसवून घ्यावा आणि पुढचं नंतर पाहावं. नव्या वाचकाला इथेच थांबवावं, एवढ्यासाठी ही प्रस्तावना. डेस्कटॉप मेमरी खातो, अपडेटचं काम वाढवतो, ही नेहमीची कारणं खरीच आहेत. माझं म्हणणं मात्र थोडं निराळं आहे. व्हीएम म्हणजे नेमकं काय, हे ज्याला समजून घ्यायचंय त्याने ते पडद्याविनाच शिकावं. पडदा असला की खिडकीत दिसणारं चित्र म्हणजेच मशीन असं वाटू लागतं. तो काढून घेतला की मशीनचे भाग सुटे होऊन समोर येतात, आणि ते किती थोडे आहेत याचं नवल वाटतं.

इतिहासही याच बाजूने आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज शहरात आयबीएमचं सायंटिफिक सेंटर होतं. रॉबर्ट क्रीझी आणि लेस कोमो यांच्या गटाने तिथे १९६४ साली सीपी-४० नावाच्या कंट्रोल प्रोग्रामवर काम सुरू केलं, आणि १९६७ च्या सुरुवातीला तो वापरात आला. तो चालायचा मुद्दाम फेरफार केलेल्या सिस्टीम/३६० मॉडेल ४० या यंत्रावर. एका महागड्या यंत्राचा वेळ अनेकांत वाटायचा, पण वाटणी अशी करायची की प्रत्येकाला अख्खं ३६० यंत्र आपल्या एकट्याच्या हाती आहे असं वाटावं, ही त्यामागची कल्पना. पुढे मॉडेल ६७ साठी सीपी-६७ आला आणि १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० जाहीर केलं. वापरणाऱ्यासमोर असायचा तो टाइपरायटरच्या घडणीचा टर्मिनल, कागदावर अक्षरं उमटवणारा. त्याला मिळालेल्या आभासी यंत्राचा ऑपरेटर कन्सोलही तोच. म्हणजे खिडक्या आणि माउस घराघरांत पोहोचण्याच्या कितीतरी आधी व्हीएम रोजच्या कामात होतं. पडदा त्याला पुढे चिकटला, आणि सर्व्हरवर तो काढून टाकला तर मूळ वस्तूचं काही बिघडत नाही.

या इतिहासातलं एक पान मात्र सावकाश वाचण्यासारखं आहे, कारण आजच्या प्रोसेसरची रचना त्यावरून कळते. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ साली ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. कोणत्या प्रोसेसरवर व्हर्च्युअल मशीन नीट चालवता येईल, याची अट त्यांनी गणिती काटेकोरपणे मांडली. साध्या भाषेत ती अशी: यंत्राची अंतर्गत अवस्था बदलणारी किंवा उघड करणारी कोणतीही सूचना कमी अधिकाराच्या प्रोग्रामने वापरली, तर प्रोसेसरने तिथेच थांबून ताबा वरच्या नियंत्रकाकडे द्यायला हवा. मग नियंत्रक पाहुण्या सिस्टीमपुरता, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आत चालणाऱ्या सिस्टीमपुरता, त्या सूचनेचा परिणाम घडवून आणेल आणि तिला पुढे जाऊ देईल. पाहुणीला यातलं काही कळणार नाही.

इंटेलचे एक्स८६ प्रोसेसर या अटीत बसत नव्हते. पॉपएफ ही सूचना घ्या. कर्नल ती वापरून इंटरप्ट घेणं बंद किंवा चालू करू शकतो. साध्या प्रोग्रामने तसं करायचा प्रयत्न केला, तर प्रोसेसर ना ते करतो, ना तक्रार करतो; तेवढा भाग गुपचूप सोडून देऊन पुढे जातो. आता पाहुण्या सिस्टीमचा कर्नल कमी अधिकारात चालत असेल तर काय होईल? इंटरप्ट बंद केले या समजुतीवर तो नाजूक काम करायला घेईल, प्रत्यक्षात ते चालूच असतील, आणि नियंत्रकाला काही घडल्याचा पत्ताही नसेल. प्रोसेसरने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. २००० साली जॉन रॉबिन आणि सिंथिया अर्व्हाइन यांनी पेंटियमच्या सूचना तपासल्या, तेव्हा अटीत न बसणाऱ्या अशा १७ सूचना निघाल्या.

यातून वाट काढण्याचे दोन मोठे प्रयत्न झाले. १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने पाहुण्या सिस्टीमचा कोड चालता चालता तपासून त्रासदायक सूचना बदलून टाकण्याचं तंत्र व्यवहारात आणलं. दुसऱ्या, म्हणजे इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठातल्या झेन प्रकल्पाने २००३ मध्ये उलटा मार्ग सुचवला: पाहुणीचा कर्नलच असा बदला की तो नियंत्रकाशी सहकार्य करेल. दोन्हींत अफाट हुशारी होती आणि दोन्ही अवघड होते. अखेर प्रोसेसर बनवणाऱ्यांनीच दोष दुरुस्त केला. नोव्हेंबर २००५ मध्ये इंटेलचे व्हीटी-एक्स असलेले प्रोसेसर बाजारात आले, २००६ मध्ये एएमडीचे आले, आणि पाहुण्या सिस्टीमला चालायला प्रोसेसरमध्येच वेगळी अवस्था मिळाली.

लिनक्सच्या कर्नलमधून व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या केव्हीएमचा जन्म या दुरुस्तीनंतर लगेचचा. क्युमरानेट या इस्रायली कंपनीतल्या अवी किव्हिटी यांनी ऑक्टोबर २००६ मध्ये ते जगासमोर ठेवलं आणि फेब्रुवारी २००७ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.२० मध्ये ते सामील झालंसुद्धा. कर्नलच्या जगात इतकी घाई क्वचित दिसते. कारण मूळ विचार अत्यंत काटकसरी होता. मेमरीचं वाटप, प्रोसेसरच्या वेळेची वाटणी, अधिकारांची राखण हे सगळं लिनक्स करतच होता. मग त्यासाठी वेगळा नियंत्रक कशाला लिहायचा? व्हीएमला एक साधी प्रोसेस होऊ द्या, त्याच्या प्रत्येक आभासी प्रोसेसरला एक थ्रेड द्या, आणि प्रोसेसरच्या नव्या अवस्थेत शिरण्या-निघण्याचं दार तेवढं कर्नलने उघडून द्यावं. हे दार म्हणजे डेव्ह डिरेक्टरीतली केव्हीएम नावाची फाइल. डिस्क, नेटवर्क कार्ड, सीरियल पोर्ट यांची सोंगं वठवायला क्यूएमू हा प्रोग्राम तयारच होता. फॅब्रिस बेलार्ड यांनी तो २००३ मध्येच प्रसिद्ध केला होता.

हे दोघं मिळून काम कसं करतात ते एका अक्षराच्या प्रवासातून पाहू. पाहुण्या सिस्टीमच्या कर्नलला पहिल्या सीरियल पोर्टवर एक अक्षर पाठवायचंय. तो ३एफ८ या हेक्साडेसिमल पत्त्याच्या पोर्टवर एक बाइट लिहितो. खरा पोर्ट तिथे नाही. प्रोसेसर पाहुणीची अवस्था सोडून यजमानाच्या, म्हणजे खऱ्या यंत्रावरच्या, कर्नलकडे येतो; केव्हीएम पाहतं की हे पोर्टवरचं लेखन आहे, आणि ते क्यूएमूच्या हवाली करतं. क्यूएमूने सोंग घेतलेलं असतं १६५५० जातीच्या जुन्या सीरियल चिपचं. ती चिप त्या बाइटचं जे करती ते तो करतो, म्हणजे ज्या टर्मिनलला ती वाहिनी जोडली आहे तिथे अक्षर पाठवतो. ते एसएसएचमधून तुमच्या लॅपटॉपवर उमटतं. मग क्यूएमू केव्हीएमला सांगतो, चला पुढे, आणि पाहुणी तिथूनच चालू लागते. एका अक्षरासाठी इतकी ये-जा! लॉगिन आणि बूटचे संदेश यांसाठी ती खपून जाते, डिस्क आणि नेटवर्कसाठी मुळीच परवडत नाही. म्हणून तिथे व्हर्टिओ वापरतात. रस्टी रसेल यांनी मांडलेली ही पद्धत: यजमान आणि पाहुणी सामाईक मेमरीत एक रांग ठेवतात, पाहुणी त्यात अनेक कामं मांडते आणि सगळ्यांसाठी मिळून एकच हाक मारते. खऱ्या कार्डाचं सोंग घेण्याचा अट्टाहासच सोडून दिलेला. पाहुणीत व्हर्टिओचा ड्रायव्हर असेल तर डिस्क आणि नेटवर्क त्यावरच ठेवावेत. यात मला तरी दुसरं मत दिसत नाही.

आता पडदा नसलेल्या सर्व्हरवर पुन्हा येऊ. चालू असलेलं व्हीएम म्हणजे एक प्रोसेस. टॉप कमांड दिली की इतर प्रोसेसच्या बरोबरीने ती दिसते. त्याची डिस्क म्हणजे एक फाइल, बहुधा क्यूकाउ-टू या प्रकारातली. आणि तिसरी गोष्ट त्याचं वर्णन: किती मेमरी, किती प्रोसेसर, कोणती डिस्क, कोणतं नेटवर्क हे सांगणारा एक्सएमएलचा मजकूर. प्रोसेस, फाइल आणि मजकूर यांत यंत्र संपलं. हा मजकूर सांभाळून त्यातून प्रोसेस उभी करण्याचं काम लिबव्हर्ट करतं. रेड हॅटमधल्या डॅनियल व्हेयार यांनी २००५ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प. त्याच्याशी बोलायची कमांड म्हणजे व्हर्श. मजकूर असल्याचा फायदा चित्रातल्या बटणांना नाही: तो गिटमध्ये ठेवता येतो, दोन मशीनमधला फरक डिफने पाहता येतो, सहकाऱ्याला मेलने पाठवता येतो, आणि सहा महिन्यांनी आपण काय केलं होतं ते वाचता येतं.

व्हर्शच्या उंबरठ्यावर नवखा माणूस दोन ठिकाणी ठेचकाळतो. पहिलं म्हणजे यादी मागितली तर ती रिकामी येते. याचं कारण बहुधा असं, की साध्या वापरकर्त्याने दिलेली कमांड त्याच्या स्वतःच्या सेशनमधल्या लिबव्हर्टशी जोडली जाते आणि मशीन सिस्टीमच्या लिबव्हर्टकडे असतं. शिवाय ‘ऑल’ हा पर्याय दिला नाही तर बंद मशीन यादीत येतच नाहीत. दुसरं म्हणजे डिस्ट्रॉय ही कमांड. ती पाहून अंगावर काटा येतो, पण ती डिस्कला हात लावत नाही; चालत्या यंत्राची वीज खेचण्याइतकंच तिचं काम. म्हणजे निरुपद्रवी नव्हे, डेटाबेस लिहीत असताना वीज गेली तर जे होतं ते होईलच. आधी शटडाउन द्यावं, थोडं थांबावं, आणि पाहुणीने ऐकलंच नाही तर डिस्ट्रॉयकडे वळावं.

कन्सोलविषयी थोडं विस्ताराने, कारण पडदा नसण्याची खरी परीक्षा इथेच होते. व्हर्शला कन्सोल मागितला, जोडलं गेल्याचा संदेश आला, आणि पुढे काहीच नाही. एंटर दाबत राहा, शांतता. बहुतेक वेळा जोडणी बरोबर असते, फक्त पलीकडून कोणी बोलत नसतं. पाहुणीला सीरियल वाहिनीवर बोलायला तीन जागी सांगावं लागतं. ग्रबला सांगितलं तर बूटचा मेनू दिसतो. कर्नलच्या बूट-ओळीत कन्सोल म्हणून टीटीवायएस-झीरो लिहिलं तर कर्नलचे संदेश दिसतात. आणि त्या वाहिनीवर गेटी चालू असेल तर लॉगिन विचारलं जातं. सिस्टमडी असलेल्या वितरणांत दुसरी गोष्ट केली की तिसरी सहसा आपोआप होते. कन्सोलमधून बाहेर पडायला कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस. हे आधी माहीत नसल्याने एसएसएचची खिडकीच बंद करणारे पुष्कळ असतात.

काही पाहुण्या मात्र चित्राशिवाय ऐकत नाहीत. विंडोजचं नेहमीचं इन्स्टॉलेशन हे ठळक उदाहरण. तेव्हाही सर्व्हरवर डेस्कटॉप लागत नाही. क्यूएमूमध्येच व्हीएनसी आहे. मशीनचं चित्र तो सर्व्हरच्या १२७.०.०.१ या पत्त्यावर, सहसा ५९०० पासून पुढच्या पोर्टवर देतो, आणि एसएसएचच्या बोगद्यातून ते आपल्या लॅपटॉपवर पाहता येतं. हा पत्ता बदलून व्हीएनसी साऱ्या जगाला उघडं करू नये. व्हर्च्युअलबॉक्सलाही पडद्याविना चालण्याची सोय आहे. व्हीबॉक्सहेडलेस आणि व्हीबॉक्समॅनेज या कमांड त्यासाठीच. लॅपटॉपवरची मशीन सर्व्हरवर न्यायची असतील तर ती उपयोगी पडते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मात्र कर्नलमध्ये असलेलं केव्हीएम सोडून तिकडे जावं, असं कारण मला सापडलेलं नाही.

लिनक्स पाहुणीसाठी तर आता सहसा इन्स्टॉलेशनच करत नाहीत. उबुंटू, डेबियन, फेडोरा यांच्या तयार क्लाउड प्रतिमा मिळतात. त्या उतरवून घ्यायच्या आणि मूळ प्रतिमेला धक्का न लावता तिच्यावर नवी क्यूकाउ-टू फाइल रचायची. नव्या मशीनने बदललेलं तेवढं या फाइलमध्ये जातं, बाकीचं मुळातून वाचलं जातं. नाव, वापरकर्ता, एसएसएचची किल्ली हे सगळं क्लाउड-इनिट पहिल्या बूटच्या वेळी वाचतं. त्यासाठी सीआयडेटा हे लेबल असलेली छोटीशी आयएसओ फाइल जोडली की झालं. क्लाउड-इनिट मुळात अमेझॉनच्या ईसीटू या भाड्याने मशीन देणाऱ्या सेवेवर उबुंटू चालवण्यासाठी लिहिलं गेलं. जून २०१६ मध्ये अमेझॉनने मुंबईत आपलं रीजन सुरू केलं. लातूरची किंवा सांगलीची एखादी विद्यार्थिनी आज तिथलं मशीन भाड्याने घेते तेव्हा पहिल्या मिनिटात त्यावर जे घडतं, ते तिच्या टेबलाखालच्या जुन्या पीसीवरही तिला घडवता येतं. फरक आकाराचा आणि बिलाचा.

जागेच्या हिशेबात मात्र सावध राहावं. क्यूकाउ-टू फाइल ४० जीबीची म्हणून बनवली तरी सुरुवातीला डिस्कवर अगदी थोडी जागा घेते आणि भरेल तशी वाढते. म्हणून ५०० जीबीच्या डिस्कवर अशी वीस यंत्रं सहज मांडली जातात. पंक्तीचं आमंत्रण शंभर जणांना आणि स्वयंपाक साठ पानांचा, असा हा कारभार. सगळे एकदम येत नाहीत तोवर छान चालतो. यजमानाची डिस्क भरली की नेहमीच्या रचनेत क्यूएमू त्या मशीनला आहे तिथेच थांबवतो, आणि व्हर्शच्या यादीत ‘पॉझ्ड’ असा शेरा दिसतो. यात एक समजूतदारपणा आहे: पाहुणीला लेखन फसल्याचं कळतच नाही, जागा मोकळी करून तिला पुन्हा चालू करता येतं. मेमरीच्या बाबतीत असा समजूतदारपणा नाही. यजमानाची मेमरी संपली की कर्नल सगळ्यात मोठी प्रोसेस शोधून मारतो, आणि सगळ्यात मोठी प्रोसेस बहुधा तुमचं सर्वांत महत्त्वाचं व्हीएम असतं. आभासी प्रोसेसर उदार हाताने वाटावेत, मेमरी मोजून.

नेटवर्कचं प्रकरण पुस्तकात सर्वांत लांब आहे, इथे एकच सूचना. लिबव्हर्टचं तयार नेटवर्क १९२.१६८.१२२ या मालिकेतले पत्ते देतं आणि नॅटमधून बाहेर जातं. शिकायला तेच पुरे. बाहेरच्यांना थेट दिसणारं मशीन हवं असेल तर ब्रिज लागतो, आणि ब्रिज बनवताना सर्व्हरचा पत्ता मूळ कार्डावरून ब्रिजवर हलवावा लागतो. हे काम त्याच कार्डावरून आलेल्या एसएसएचमध्ये बसून करणं म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड. आयपीएमआयचा, म्हणजे सर्व्हरच्या वेगळ्या देखरेख-वाहिनीचा, कन्सोल हाताशी असल्याशिवाय त्याला हात घालू नये.

सुरक्षेच्या बाजूनेही पडद्याविना राहण्यात अर्थ आहे. २०१५ मध्ये व्हेनम नावाने गाजलेला दोष क्यूएमूच्या फ्लॉपी कंट्रोलरच्या सोंगात सापडला. पाहुणीत शिरलेल्या माणसाला त्यातून यजमानापर्यंत पोहोचण्याची वाट होती. फ्लॉपी कोण वापरत होतं? कोणीच नाही. ती सवयीने जोडलेली राहिली होती. प्रत्येक आभासी उपकरण म्हणजे यजमानावर चालणारा, पाहुणीने पाठवलेलं वाचणारा कोड. चित्राचं कार्ड, साउंड कार्ड, यूएसबी, टॅब्लेट हे सगळे त्यात आले. अमेझॉनने २०१८ मध्ये खुला केलेला फायरक्रॅकर हा विचार टोकाला नेतो. तोही केव्हीएमवरच चालतो, पण सुरुवातीला त्यात नेटवर्क आणि डिस्कची व्हर्टिओ उपकरणं, एक सीरियल कन्सोल आणि मशीन बंद करण्यापुरता उरलेला कीबोर्ड कंट्रोलर याखेरीज जवळजवळ काही ठेवलं नव्हतं. चित्र नाहीच. त्याच्या कर्त्यांनी दिलेल्या आकड्यांनुसार असं मशीन १२५ मिलिसेकंदांत पाहुणीचा प्रोग्राम सुरू करण्यापर्यंत येतं आणि प्रत्येकामागे ५ एमबीहून कमी मेमरी जादा लागते. अमेझॉनची लॅम्डा सेवा अशा यंत्रांवर चालते.

वाचकाकडून अपेक्षा फार नाहीत. टर्मिनलची भीती नसावी, एसएसएचची किल्ली बनवता यावी, आणि एखादा मजकूर-संपादक हाताखालचा असावा, मग तो व्हिम असो की नॅनो; त्या वादात मी पडत नाही. यंत्र म्हणून आठ-दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही चालेल, ८ जीबी मेमरी असली की तीन-चार छोट्या लिनक्स पाहुण्या सुखाने नांदतात. प्रोसेसरच्या माहितीत इंटेल असेल तर व्हीएमएक्स आणि एएमडी असेल तर एसव्हीएम ही खूण शोधावी. खूण आहे पण डेव्हमध्ये केव्हीएमची फाइल नाही, असं झालं तर बहुधा बायॉसमध्ये ती सोय बंद ठेवलेली असते. कंटेनर, कुबरनेटिस आणि ग्राफिक्स कार्ड थेट पाहुणीच्या हाती देण्याचा प्रकार या पुस्तकात घेतलेले नाहीत. पहिल्या प्रकरणात लिबव्हर्टही नाही. त्यात क्यूएमूची एकच लांब कमांड ‘नोग्राफिक’ हा पर्याय देऊन चालवली आहे आणि तिच्यातला प्रत्येक शब्द काय करतो ते पाहिलं आहे. तिथून बाहेर पडायला कंट्रोल-ए आणि मग एक्स.